आठ टक्क्यांच्या आत

चूक माझीच होती, आणि ती मी अगदी सुवाच्य अक्षरात केली होती.

आम्ही ऑर्चर्ड फॉल्सला राहायला आलो तेव्हा माझी मुलगी शाल्मली सहा वर्षांची होती. तिचं नाव शाळेत घालताना एक फॉर्म भरायचा होता. त्यातला सातवा प्रश्न असा : घरात मुख्यतः कोणती भाषा बोलली जाते? मी तेव्हा तिथल्या महाराष्ट्र मंडळाचा नवाकोरा चिटणीस होतो. आदल्याच रविवारी मराठी भाषा दिनाच्या कार्यक्रमात 'घरात मराठीच बोला' या विषयावर वीस मिनिटं तावातावानं बोललो होतो आणि टाळ्या अजून कानात होत्या. मी त्या रकान्यात 'मराठी' असं लिहिलं. तेही देवनागरीत. खिडकीतल्या बाईंनी हे काय आहे असं विचारलं, तेव्हा त्यांना तो शब्द दोनदा म्हणून दाखवला आणि मगच बाजूला झालो.

माझ्यामागे रांगेत आमच्या मंडळाचे अध्यक्ष शिरीष पाठारे उभे होते. त्यांचं भाषण माझ्यापेक्षा लांबलं होतं. त्यांनी मुलाच्या फॉर्मवर 'इंग्रजी' लिहिलं. मी त्यांच्याकडे रोखून पाहिलं तर म्हणाले, "हर्षदराव, फॉर्मला काय कळतंय?"

फॉर्मला सगळं कळत होतं. पाठाऱ्यांच्या मुलाच्या डोक्यावर आजतागायत टोपी चढलेली नाही.

टोपीबद्दल सांगायला हवं. फॉर्मवर इंग्रजीखेरीज दुसरी भाषा लिहिली गेली की त्या मुलाची इंग्रजीची परीक्षा सक्तीची, हा नियम जुनाच. पूर्वी ती कागदावर व्हायची. शाल्मली सातव्या वर्षी ती पास झाली आणि प्रकरण मिटलं असं आम्ही समजलो. ती बारा वर्षांची होईपर्यंत कायदा बदलला. मूल इंग्रजी बोलतं का, एवढं पुरेनासं झालं. ते इंग्रजीतच विचार करतं का, हे बघायचं ठरलं, कारण आता ते बघणारं यंत्र निघालं होतं. पोहण्याच्या टोपीसारखी राखाडी टोपी, आतून बारीक दिवे आणि त्यांच्यामध्ये बटणाएवढे संवेदक. दिव्यांचा प्रकाश कवटीतून आत जातो आणि मेंदूच्या कुठल्या भागात रक्त धावलं ते सांगतो. संवेदक विजेची सूक्ष्म हालचाल टिपतात.

ऐकलेल्या शब्दाचा अर्थ लागायला मेंदूला सेकंदाच्या साधारण चार दशांश इतका वेळ लागतो. दोन भाषांच्या माणसाच्या डोक्यात दोन्ही भाषा सदैव जाग्या असतात. एक बोलताना दुसरी आतल्या खोलीत गप्प बसून ऐकत असते, हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून माहीत होतं. टोपीनं एवढंच केलं की ही आतली कधी उठून पुढं येते, ते मोजायला सुरुवात केली. इंग्रजी प्रश्न आत गेला, मेंदूनं तो दुसऱ्या भाषेतून फिरवून आणला आणि मग उत्तर दिलं, की तो एक वळसा. शंभर प्रश्नांत आठपर्यंत वळसे चालतात. त्याहून जास्त झाले की मूल 'साहाय्य गटा'त जातं. तिथं सगळं सोपं करून, हळूहळू शिकवतात. तीनदा नापास झालं तर शाळा संपेपर्यंत तिथंच, आणि वरच्या गणिताचं दार बंद.

मराठीत टोपी घालणे म्हणजे काय, ते मी कुणाला समजावून सांगायला नको.

शाल्मलीचं इंग्रजी असं, की मी फोनवर बोललो की ती पलीकडून माझ्या चुका बोटांवर मोजून दाखवते. आणि गणित म्हणजे तिचा जीव. मिस्टर ओकाफोर नावाचे गणिताचे शिक्षक पुढच्या वर्षी वरचा वर्ग घेणार होते. त्या वर्गात बसायचं हे तिनं दहाव्या वर्षीच ठरवलं होतं. पहिल्या वर्षी टोपीनं तिला अकरा टक्के दिले आणि साहाय्य गटात बसवलं. टोपी नवी आहे, गफलत झाली असेल, असं आम्ही म्हणालो. दुसऱ्या वर्षी साडेनऊ आले. त्या दिवशी घरी आल्यावर ती जेवली नाही.

शाळेच्या समुपदेशक मिसेस हॅल्डेन यांनी आम्हाला बोलावलं. बाई वाईट नव्हत्या, आणि त्याचाच त्रास जास्त झाला. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. त्या म्हणाल्या, तिसरी परीक्षा नव्वद दिवसांवर आहे आणि शाळा घरी वापरायला एक टोपी देते. रोज चार तास घालायची. वळसा झाला की टोपीत टक् असा आवाज होतो आणि कानशिलाला गार टोचल्यासारखं होतं. दुखत नाही, फक्त नकोसं वाटतं. मेंदू नकोशी वाट हळूहळू सोडतो, आणि ज्या पायवाटेवरून कुणी जात नाही तिच्यावर गवत वाढतं. मात्र घरात दुसरी भाषा कानावर पडता कामा नये, नाहीतर सगळं फुकट.

माझी बायको ऋता परिचारिका आहे. तिनं विचारलं, गवत किती वाढतं ते कुणी तपासलंय का? मिसेस हॅल्डेन म्हणाल्या, निकाल उत्तम आहेत. मी सही केली.

आता आबांना सांगायचं होतं.

आबा म्हणजे माझे वडील. फलटणला बाजारपेठेत 'हेंद्रे टेलर्स' हे त्यांचं दुकान होतं. आई गेल्यावर सहा वर्षांपूर्वी मी त्यांना इकडे आणलं. येताना त्यांनी बॅगेत तीन धोतरं आणि लोखंडी कात्री घातली होती. कात्रीवरून विमानतळावर झालेला तमाशा मी आयुष्यात विसरणार नाही. इंग्रजी त्यांना 'थँक्यू' आणि 'प्लीज' एवढंच येतं. गॅरेजमध्ये मी त्यांना शिलाई मशीन आणि कापड बेतायला टेबल लावून दिलं, आणि शाल्मली त्या टेबलाखेरीज कुठं अभ्यासालाच बसेना.

रोज संध्याकाळी सातला ऋतानं दिवा लावला की गॅरेजमध्ये आबांचा परवचा सुरू व्हायचा. बे एके बेपासून तिसाच्या पाढ्यापर्यंत, आणि मग अपूर्णांकांचे पाढे, जे मलासुद्धा कधी धड आले नाहीत : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. आबा ते त्यांच्या वडिलांकडून कापड बेतता बेतता शिकले. आजही ते टेपनं एकदा मोजतात आणि पुढचं तोंडानं करतात. शाल्मली टेबलावर पाय हलवत बसायची आणि दोघं एका ठेक्यात म्हणायची, सहा अडीच पंधरा, सात अडीच साडेसतरा. मंडळातल्या बायका पडदे शिवायला टाकायला आल्या की ते ऐकून कौतुकानं हसायच्या आणि घरी जाऊन मुलांशी इंग्रजीत बोलायच्या.

आबा कुणाच्या तरी जाकिटाला अस्तर लावत होते. मी सगळं सांगितलं, टोपी दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, उलटी करून शिवण बघितली.

"म्हंजे मी बोलायचं न्हाई," ते म्हणाले.

मी म्हणालो, तीन महिनेच.

"पोरीचं काम हाय ना? मग झालं. गिऱ्हाइकाचं माप घेताना मी कधी बोललोय का? बोललं की चुकतं. तीन म्हैने माप घेतोय असं समजू."

इतक्या सहज म्हणाले की मला हायसं वाटलं. लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटली.

घर इंग्रजीत गेलं. ऋता आणि मी एकमेकांशी असे बोलायला लागलो की जणू बँकेत भेटलोय. भाजीला मीठ कमी आहे हेसुद्धा इंग्रजीत सांगितलं की तक्रार वाटायची. दिवा लागायचा, पण सात वाजता गॅरेजमधून फक्त मशीनची घरघर ऐकू यायची. आबा जेवायला यायचे, ताटाकडे बघून जेवायचे. काही हवं असलं तर बोटानं दाखवायचे. नियम सगळ्यांत कडक पाळला तो शाल्मलीनं. माझ्या तोंडून 'अगं' निघालं तरी ती हात वर करायची.

पहिल्या आठवड्यात टोपी दिवसाला साठदा वाजली. तिसऱ्या आठवड्यात वीसवर आली. मी फ्रिजवर तक्ता लावून रोजचा आकडा लिहीत होतो आणि क्रिकेटच्या धावफलकासारखा तो बघून खूश होत होतो. आणि मग आकडा थांबला. पंधराच्या खाली जाईना.

कारण आमच्या लक्षात आलं ते एका शनिवारी दुपारी. शाल्मली बैठकीच्या खोलीत टोपी घालून इंग्रजी निबंध वाचत होती. आबा पाणी प्यायला आत आले. एक शब्द बोलले नाहीत, तिच्याकडे बघितलंही नाही. टोपी वाजली. टक्. ते नळापाशी गेले, टक्. परत जाताना दारात थांबून चष्मा पुसायला लागले, टक्, टक्. शाल्मलीनं दचकून कानशिलावर हात ठेवला.

मी मिसेस हॅल्डेनना फोन केला. त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, मेंदू चेहऱ्याशी भाषा जोडून ठेवतो, हे शास्त्रात नोंदलेलं आहे. ज्या माणसाशी एकाच भाषेत बोललो तो नुसता दिसला तरी ती भाषा जागी होते. मग म्हणाल्या, परीक्षेपर्यंत आजोबांना दुसरीकडे राहायची काही सोय आहे का?

ऋता म्हणाली, अजिबात नाही. त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि तेही इंग्रजीत, त्यामुळे धड भांडताही आलं नाही. मी म्हणत होतो की सहाच आठवड्यांचा प्रश्न आहे, पाठाऱ्यांच्या तळघरात खोली रिकामी आहे. मी हे म्हणालो. आज लिहितानाही मान वर होत नाही.

त्या वादाचा निकाल आमच्यापैकी कुणी लावला नाही. पुढच्याच मंगळवारी शाल्मली गणिताला बसली असताना आबा तिच्या टेबलावरून विसरलेला टेप घ्यायला आले. टोपी लागोपाठ वाजत सुटली. तिनं पेन्सिल आपटली आणि इंग्रजीत म्हणाली, "आबा, प्लीज, समोर येऊ नका. प्लीज."

त्यातलं 'प्लीज' त्यांना कळलं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी डबा घेऊन ते बाहेर पडायला लागले. चौकातल्या सार्वजनिक वाचनालयात खिडकीशी एक खुर्ची होती, तिथं दिवसभर बसायचे. वाचता येण्याजोगं तिथं काही नव्हतं. संध्याकाळी शाल्मली खोलीत गेली की मी त्यांना आणायला जायचो. तिथली ग्रंथपाल मला म्हणाली, तुमचे वडील फार शांत आहेत. मी थँक्यू म्हणालो.

तक्त्यावरचा आकडा घसरला. नऊ, सहा, चार.

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघं काचेच्या दाराबाहेर बसलो होतो. चाळीस मिनिटांनी मिसेस हॅल्डेन बाहेर आल्या, हसत होत्या. पाच पूर्णांक दोन दशांश टक्के. ऋता रडायला लागली. शाल्मलीनं टोपी काढून माझ्या हातात दिली आणि विचारलं, आता गणिताची परीक्षा कधी? ती दहा दिवसांनी होती, वरच्या वर्गात बसण्यासाठीची. चाळीस उदाहरणं, एक तास, गणकयंत्र नाही. तिची आम्हाला चिंताच नव्हती. तीनशेला सदतीसनं गुणताना मी मोबाइल शोधेपर्यंत ही पोरगी उत्तर सांगून मोकळी होते.

आबांना मी वाचनालयातून घरी आणलं. गाडीत बसताच त्यांनी विचारलं, "माप झालं?"

झालं, म्हणालो. ते खिडकीतून बाहेर बघत बसले.

गणिताच्या परीक्षेतून शाल्मली सगळ्यांत शेवटी बाहेर आली. मिस्टर ओकाफोर तिच्यामागोमाग आले आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, हिला बरं नाही का? रीत प्रत्येक ठिकाणी बरोबर आहे, पण एकोणीस उदाहरणं कोरी आहेत. आकडेमोडीपाशी येऊन थांबली आहे. ते म्हणाले, मी पाच आठवड्यांनी एकदा फेरपरीक्षा घेऊ शकतो, त्याहून जास्त माझ्या हातात नाही.

गाडीत बसल्यावर तिनं पट्टा लावला आणि शंभर दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलली.

"बाबा, मला पुढचा आकडा येत नाही."

म्हणजे काय, मी विचारलं.

"सात अडीच म्हटलं की पूर्वी साडेसतरा आपोआप यायचं. मी काही करायचेच नाही, यायचं. आता सात अडीचपाशी गेले की टक् होतं. टोपी नाहीये डोक्यावर, तरी होतं. मग मी इंग्रजीत करायला जाते, तर तिकडे काहीच नाहीये. तिकडे मी कधी काही ठेवलंच नव्हतं."

मी गाडी सुरू केली नाही. तिच्या कानशिलाची शीर उडत होती आणि ती दोन बोटांनी ती दाबून धरत होती.

घरी जाऊन मी टोपीचे जुने अहवाल उघडले. पहिल्या वर्षीचा आणि दुसऱ्या वर्षीचा. प्रत्येकी सहा पानं. मी दोन्ही वेळा पहिल्या पानावरचा आकडा बघून कपाळाला हात लावला होता आणि पुढची पानं उलटलीही नव्हती. चौथ्या पानावर प्रत्येक वळसा कुठल्या प्रश्नाला झाला ते दिलं होतं. भाषेच्या प्रश्नांत जवळपास एकही नव्हता. कथा, उतारे, म्हणी, विनोद, सगळं तिनं सरळ इंग्रजीत पार केलं होतं. वळसे होते ते आकड्यांच्या प्रश्नांत. दुकानात इतकी सफरचंदं, गाडीचा वेग इतका, असले ते प्रश्न. आणि शेजारच्या रकान्यात वेळ होता. इतर मुलांना नऊ सेकंद लागले तिथं हिला दोन. उत्तरं सगळीच्या सगळी बरोबर.

माणूस पाढे ज्या भाषेत शिकतो त्याच भाषेत जन्मभर हिशेब करतो. मी स्वतः वीस वर्षं या देशात आहे आणि आजही जिन्याच्या पायऱ्या मराठीत मोजतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. तिला इंग्रजी कमी येत होतं म्हणून वळसे पडतच नव्हते. आबांनी बांधून दिलेला तिचा एक हमरस्ता होता, आणि मी सही करून त्यावर नव्वद दिवस गवत वाढवलं होतं. मला स्वतःचा इतका संताप आला की मी फ्रिजवरचा तक्ता फाडला, आणि मग फाडून काय उपयोग म्हणून तिथंच उभा राहिलो.

वाट पुन्हा मोकळी करायची तर परवचा सुरू करायला हवा. पण पास झालेल्या मुलांची दोन वर्षं अचानक तपासणी होते. कुठल्याही दिवशी, कुठल्याही तासाला टोपी घेऊन माणूस येतो. आठच्या वर गेलं की तिसरं नापास, आणि मग शाळा संपेपर्यंत साहाय्य गट. वरच्या गणिताच्या वर्गात बसायला परवाना टोपीचा लागणार होता, आणि तिथलं गणित करायला लागणार होती तीच वाट जिच्यावर टोपी वाजते. हे मी ऋताला समजावून सांगितलं. आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी शिवण थांबवली नाही.

"मी न्हाई म्हणणार," ते म्हणाले. "एकदा पोरगी माझ्याकडं बघून दचकली. माझ्यापायी तिला परत काय झालं तर?"

शाल्मली गॅरेजच्या दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं. ती आत आली, टेबलावरचं कापड बाजूला सारून जुन्या जागी चढून बसली आणि म्हणाली, "आबा, अडीचकी म्हणा."

आबांनी माझ्याकडे बघितलं. सत्तरी ओलांडलेला माणूस स्वतःच्या नातीशी बोलायला माझी परवानगी मागत होता.

"म्हणा," मी म्हणालो.

"एक अडीच," आबा म्हणाले.

"अडीच."

"दोन अडीच."

"पाच." तिनं कानशील दाबलं. "तीन अडीच..." आणि थांबली. डोळे घट्ट मिटले, ओठ हलले, काही आलं नाही. आबांनी घाई केली नाही. उत्तर दिलं नाही. खडू उचलून कापडावर एक रेघ मारली, अडीच वीत, तिच्यापुढं दुसरी, तिच्यापुढं तिसरी. ती रेघांकडे बघत राहिली.

"साडेसात," ती म्हणाली.

पाच आठवडे रोज सात वाजता. पहिल्या दिवशी ती अडीचकीच्या चौथ्या पायरीच्या पुढं गेली नाही. दुसऱ्या आठवड्यात टक् कमी झालं असं म्हणाली. मीही जाऊन बसायला लागलो आणि चाळिशीच्या पुढं पहिल्यांदा पाऊणकी शिकलो. मी चुकलो की शाल्मली जीभ दाखवायची. तेवढ्यात तिला चौदा वर्षं पूर्ण झाली. आबांनी तिला स्वतः बेतलेलं जाकीट शिवून दिलं.

फेरपरीक्षेच्या सकाळी आम्ही शाळेत पोचलो तेव्हा वर्गाच्या दाराशी मिसेस हॅल्डेन उभ्या होत्या. हातात टोपीची निळी पेटी. माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, आजच्या तपासणीत संगणकानं हिचं नाव काढलं आहे. मी निवडलेलं नाही. नकार दिला तर नापास धरतात.

मी विचारलं, उदाहरणं सोडवून झाल्यावर नाही का घालता येणार? नाही. काम चालू असतानाच मोजतात.

मी शाल्मलीला खिडकीपाशी नेलं. मी म्हणालो, आज सगळी उदाहरणं सोडवू नकोस, इंग्रजीत जेवढी होतील तेवढी कर, टोपी तरी सुटेल, गणिताचं नंतर बघू. मी म्हणालो, घरी चल, मी सांगतो तुला ताप आहे. जे सुचेल ते बोलत होतो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, मी आत जाऊ?"

तिनं मिसेस हॅल्डेन यांच्या हातातून टोपी घेतली आणि स्वतःच घातली.

दाराला काच होती. पर्यवेक्षकाच्या टेबलावरचा पडदा मला तिरपा दिसत होता. प्रत्येक वळशाला त्यावर एक नारिंगी ठिपका उमटायचा. घंटा झाली. शाल्मलीनं पहिलं उदाहरण वाचलं, डोळे मिटले आणि तिचे ओठ हलायला लागले. ठिपका. दुसरं, ठिपका. थोड्या वेळानं पडद्यावर ठिपक्यांची रांग झाली, मग गर्दी झाली. दोनदा तिचा हात कानशिलाकडे गेला आणि अर्ध्यावरून परत पेन्सिलीवर आला. तिचा पाय बाकाखाली ठेक्यात हलत होता. शेजारी उभ्या असलेल्या मिसेस हॅल्डेन यांनी मान फिरवली. मला ओरडून तिला थांबवावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी असं वाटत होतं की आबा इथं असायला हवे होते. अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला तिनं पेन्सिल खाली ठेवली. सगळ्यांच्या आधी.

दोन्ही निकाल अर्ध्या तासात मिळाले. गणितात चाळीसपैकी अडतीस, वरच्या वर्गाला पात्र. टोपीवर चौऱ्याऐंशी टक्के, वरच्या वर्गात बसायला अपात्र. मिस्टर ओकाफोर यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून बघितले. मग म्हणाले, मी दर शुक्रवारी वर्गातल्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा दाराबाहेरच्या टेबलावर ठेवतो, त्यातला एक कागद कमी झाला तर मी मोजत बसत नाही.

मिसेस हॅल्डेन आम्हाला त्यांच्या खोलीत घेऊन गेल्या. फाइल नव्यानं उघडायची तर फॉर्म नव्यानं भरावा लागतो. तोच फॉर्म, तोच सातवा प्रश्न. चौदा पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यानं तो स्वतः भरायचा. त्यांनी तो शाल्मलीपुढं ठेवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या की या टप्प्यावर बऱ्याच कुटुंबांना आठवतं की आपण घरी इंग्रजीच बोलतो. तसं लिहिलं की फाइल बंद होते. टोपीचे सगळे निकाल रद्द. गणिताचा निकाल मात्र राहतो.

खाली एक हमी होती : इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलणारी कोणतीही व्यक्ती आमच्या घरात राहत नाही. तिथं सही करायची.

मी शाल्मलीला स्पष्ट सांगितलं. मराठीतच सांगितलं. "इंग्रजी लिही. आबांना कळणारसुद्धा नाही. कळलं तर ते स्वतः म्हणतील लिही."

"म्हणतील," ती म्हणाली. "ते पुन्हा डबा घेऊन वाचनालयातही जातील."

तिनं पेन उचललं. मी दुसरीकडे बघायचं ठरवलं होतं पण जमलं नाही. तिची देवनागरी कच्ची आहे. तिनं तीन अक्षरं एकेक करून सुटी काढली, कान्यावेलांट्या दिल्या, आणि मग वरून एक रेघ ओढली, न थांबता, जशी आबा कापडावर खडू ओढतात. हमीची जागा कोरी ठेवून फॉर्म परत दिला. मिसेस हॅल्डेन यांनी तो घेऊन फाइलमध्ये ठेवला. पुढची चार वर्षं साहाय्य गट. मला रडू आलं, आणि ते दुःखाचं होतं असं मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

घरी आबा गॅरेजच्या दारातच उभे होते. हातातला टेप गुंडाळत होते आणि पुन्हा सोडत होते. मी काय काय आणि कसं सांगावं याची मनात जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात शाल्मली पुढं झाली.

"आबा, अडतीस बरोबर आली. दोन चुकली."

आबांनी टेबलावरचं कापड बाजूला सारलं आणि तिच्यासाठी जागा केली.

"कुठली दोन?" त्यांनी विचारलं.